टूरच्या घाटातले वॅट: हिशोब कसा मांडायचा आणि संशय कुठवर ताणायचा

जुलैमध्ये टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा घाटमाथ्यावर संपणारा टप्पा आटोपला, की तासाभरात आकडे फिरायला लागतात. अमक्याने चाळीस मिनिटे ६.९ वॅट प्रति किलो (स्वाराच्या वजनाच्या किलोमागे पायांची ताकद) काढले, म्हणजे तो काहीतरी उत्तेजक घेतोच! यातला पहिला भाग सहसा कोणी मोजलेला नसतो. घड्याळ, उंची आणि बरीचशी गृहीतके यांवरून काढलेला तो अंदाज असतो. दुसरा भाग तर त्या अंदाजातून निघतच नाही. हिशोब मात्र अवघड नाही, कागद आणि कॅल्क्युलेटर पुरतो. इथे तो १४ जुलै २०२४ च्या, पिरेनीजमधल्या प्लातो द बेयच्या चढाईवर करून दाखवला आहे. त्या दिवशी स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारने इटलीच्या मार्को पंतानीची १९९८ ची वेळ साडेतीन मिनिटांहून अधिक फरकाने मोडली आणि जुनी चर्चा नव्याने पेटली.

घाट कोणता घ्यायचा

सरासरी चढ साडेसात टक्क्यांच्या पुढे, चढाई निदान २५ मिनिटांची, मध्ये सपाटी किंवा उतार नाही, असाच घाट हिशोबाला घ्या. आठ टक्क्यांच्या चढावर ताशी २३-२४ किमी वेगाने जाणाऱ्याची ऐंशी टक्क्यांहून अधिक ताकद वजन वर उचलण्यात जाते, आणि हा भाग अचूक काढता येतो. चढ पाच टक्क्यांवर आला की वेग वाढतो, हवेचा वाटा फुगतो, आणि हवा हीच या हिशोबातली सर्वात लबाड गोष्ट आहे. म्हणून प्लातो द बेय किंवा आल्प द्युएझ चालतात. माँ व्हाँतूचे शेवटचे सहा किमी उघड्या डोंगरावरून जातात, तिथला आकडा वाऱ्याचा की पायांचा हे सांगता येत नाही. गालिबिए लांबलचक आणि असमान, तो सोडून द्या.

दहा मिनिटांच्या छोट्या चढावरून तर निष्कर्ष काढूच नका. वॅट प्रति किलो हा आकडा कालावधीशिवाय बोलायचा नसतो. दहा मिनिटांचे ६.८ आणि चाळीस मिनिटांचे ६.८ ही दोन वेगळी जनावरे आहेत.

वेळ काढताना

निम्म्याहून अधिक चुका इथेच होतात. चढाई कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे आधी ठरवा आणि सगळ्या वर्षांच्या सगळ्या स्वारांना तीच दोन टोके लावा. पूल, चौक, पहिल्या वळणाचा फलक अशी न हलणारी खूण घ्या. आयोजकांच्या 'घाट सुरू' या फुगवलेल्या कमानीवर जाऊ नका, ती दरवर्षी सरकते.

आल्प द्युएझचे उदाहरण बघा. घाट १३.८ किमीचा, सरासरी चढ ८.१ टक्के. २००४ मध्ये तिथे टाइम ट्रायल (प्रत्येक स्वार एकटा, घड्याळाविरुद्ध) झाली तेव्हा शर्यतीचे अंतर १५.५ किमी होते आणि लान्स आर्मस्ट्राँगची अधिकृत वेळ ३९ मिनिटे ४१ सेकंद. त्यातले घाटाचे १३.८ किमी वेगळे काढले, तर वेळ ३७:३६ च्या आसपास येते. आता कोणी ३९:४१ ही वेळ १३.८ किमीला लावली, तर खाली दिलेल्या सूत्राने सुमारे ६.० वॅट प्रति किलो मिळतात, आणि योग्य वेळ लावली तर ६.३५. चढाई एक, माणूस एक, आणि फरक एवढा की एका आकड्यावर 'शक्य आहे' म्हणावे आणि दुसऱ्यावर भुवया उंचवाव्यात. पंतानीच्या १९९५ च्या चढाईची वेळ कुठे ३६:४० च्या, तर कुठे ३८ मिनिटांच्या आसपास छापलेली सापडते, तेही टोकांच्या अशाच घोळामुळे.

वेळ टीव्हीच्या चित्रफितीवरून काढायची असेल तर पडद्यावरचे शर्यतीचे घड्याळ वापरा, व्हिडिओच्या खालची पट्टी नव्हे, कारण जाहिरातींसाठी कापाकापी झालेली असते. पायथ्याला कॅमेरा वेगळ्या गटावर असेल, तर त्या गटाची वेळ घेऊन दाखवलेले अंतर जोडा आणि चूक पाच-दहा सेकंदांची धरा. चाळीस मिनिटांत दहा सेकंद म्हणजे अर्ध्या टक्क्याहून कमी, ते चालते. बारा मिनिटांच्या चढावर तेच दहा सेकंद दीड टक्का खातात.

झटपट सूत्र

तासाला किती मीटर उंची चढली, या आकड्याला सायकलवाले 'व्हॅम' म्हणतात:

व्हॅम = चढलेली उंची मीटरमध्ये × ६० ÷ मिनिटे

आणि त्यावरून:

वॅट प्रति किलो = व्हॅम ÷ (२०० + १० × सरासरी चढाचे टक्के)

ही मोजपट्टी रूढ केली इटालियन डॉक्टर मिकेले फेरारीने. हाच तो आर्मस्ट्राँगचा डॉक्टर, ज्याच्यावर अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने २०१२ मध्ये आजन्म बंदी घातली. स्वार पकडायला लोक आज ज्या सूत्राचा आधार घेतात, ते त्यांना तयार करणाऱ्याच्याच वहीतले आहे. असो, सूत्र मात्र बरे आहे.

प्लातो द बेय १५.८ किमीचा, सरासरी ७.९ टक्के, म्हणजे उंची सुमारे १,२४८ मीटर. पोगाचारच्या वेळेचे वेगवेगळ्या लोकांनी काढलेले आकडे काही सेकंदांनी इकडेतिकडे आहेत. आपण ३९ मिनिटे ५० सेकंद धरू. व्हॅम येतो १,८८०. त्याला २७९ ने भागा, ६.७४ वॅट प्रति किलो. पंतानीची वेळ साडेत्रेचाळीस मिनिटे धरली तर व्हॅम १,७२१ आणि ६.१७.

हे सूत्र हवा, वारा, टायर, आडोसा (दुसऱ्याच्या चाकामागे राहून हवा चुकवणे) यांची एक ठरावीक सरासरी गिळून बसलेले आहे. गप्पांना पुरते. कोणावर बोट ठेवायचे असेल तर पुरत नाही.

पूर्ण हिशोब

चार तुकडे करा आणि बेरीज करा. स्वाराचे वजन ६६ किलो धरू, सायकल ७ किलो, कपडे-बूट-हेल्मेट-पाणी मिळून २ किलो. एकूण ७५. (नियमाने सायकल ६.८ किलोच्या खाली चालत नाही, त्यामुळे इथे फार अंदाज लागत नाही.) वेळ २,३९० सेकंद, वेग सेकंदाला ६.६१ मीटर.

गुरुत्वाकर्षण: ७५ × ९.८१ × १,२४८ ÷ २,३९० = ३८४ वॅट.

टायरचे घर्षण: ७५ × ९.८१ × ०.००४ × ६.६१ = १९ ते २० वॅट. इथला ०.००४ हा चांगल्या टायरचा चांगल्या डांबरावरचा घर्षणांक.

हवा: ०.५ × हवेची घनता × सीडीए × वेगाचा घन. घाटातल्या उन्हाळी हवेची घनता १.०४ घेतली आणि सीडीए, म्हणजे स्वार हवेला किती आडवा येतो त्याचे माप, ०.३३ चौरस मीटर घेतले, तर सुमारे ५० वॅट. हा वारा शून्य आणि स्वार एकटा असतानाचा आकडा.

चेन आणि गिअरमधला तोटा: बेरजेला ०.९७५ ने भागा.

बेरीज ४५३, भागल्यावर ४६५ वॅट. ६६ ने भागले की ७.०४ वॅट प्रति किलो. 'सात वॅट!' अशा मथळ्याचा जन्म इथे होतो.

पण पोगाचार एकटा नव्हता. पायथ्यापासून व्हिस्मा संघाच्या मॅटेओ जॉर्गेन्सनने गाडा ओढला, माथा साधारण साडेदहा किमीवर असताना त्याच संघाच्या योनास विंगेगोरने हल्ला केला, आणि पोगाचार त्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहिला. तो एकटा निघाला शेवटच्या साडेपाच किमीच्या आसपास. म्हणजे दोन तृतीयांश घाट आडोशाला. या वेगाला चाकामागे हवेचा खर्च ४० टक्क्यांनी कमी होतो असे धरले, तर हवेचे ५० वॅट सरासरीने ३६ वर येतात, एकूण ४५१ वॅट, आणि प्रति किलो ६.८४. फक्त एक गृहीतक बदलले आणि मथळा बदलला.

कोणती चूक किती महाग

वरच्याच हिशोबात एकेक आकडा हलवून पाहिला, तर कशाची काळजी करायची ते कळते.

स्वाराचे वजन ६६ ऐवजी ६४ निघाले तर? एकूण वॅट ११ ने उतरतात, पण प्रति किलो फक्त ०.०५ चा फरक. वजनावरून तासन् तास भांडणारे लोक चुकीच्या जागी भांडतात. सायकल-सामानात एक किलो इकडेतिकडे झाला तर ०.०८. टायरचा घर्षणांक ०.००३ की ०.००५, वर-खाली ०.०८. सीडीए ०.३० की ०.३६, वर-खाली ०.०७.

वारा मात्र वेगळे प्रकरण आहे. पाठीमागून ताशी सव्वासात किमीचा वारा, म्हणजे झाडाची पाने हलवणारी झुळूक, एकट्या स्वाराचे २६ वॅट वाचवते: ०.४० वॅट प्रति किलो. तीच झुळूक समोरून आली तर ३५ वॅट, ०.५४ चा दंड. दोन्ही टोकांमधले अंतर जवळजवळ एक पूर्ण वॅट प्रति किलो. नागमोडी रस्त्यावर हे काही अंशी फिटते, दरीच्या एकाच दिशेने चढणाऱ्या रस्त्यावर फिटत नाही. म्हणून पायथा, मधला टप्पा आणि माथा अशा तीन ठिकाणची त्या तासाची वाऱ्याची नोंद शोधा. ती नसेल तर कडेचे झेंडे आणि फुगवलेल्या कमानी कुठे कलल्या आहेत ते चित्रफितीत बघा. तेही दिसत नसेल तर उत्तराला ०.३ चा पट्टा लावा: ६.८४ नव्हे, ६.५ ते ७.१.

हा पट्टा बघून काही जण हिरमुसतात, पण तो खरा आहे. यापेक्षा नेमका आकडा छापणाऱ्याकडे एकतर स्वाराच्या पॉवर मीटरची (सायकलवर वॅट मोजणाऱ्या यंत्राची) फाइल आहे किंवा नको तितका आत्मविश्वास.

पद्धत बसली का ते पाहायला स्वतःवर चालवा. पुण्यातल्या ज्यांच्या सायकलवर पॉवर मीटर आहे, त्यांनी सिंहगडाचा घाट एका वारा पडलेल्या पहाटे एकट्याने चढावा, सूत्राने वॅट काढावेत आणि मग मीटरची सरासरी उघडावी, आधी नाही. तीन-चार टक्क्यांत जमले तर हात बसला. दहा टक्के चुकत असेल तर आधी स्वतःचे आणि सामानाचे वजन, मग उंचीचा आकडा तपासा. सायकल कॉम्प्युटर हवेच्या दाबावरून उंची मोजतो आणि हवामान बदलले की गडबडतो. त्यापेक्षा नकाशावरची दोन टोकांची उंची घ्या.

जुन्या वेळेशी तुलना

'पंतानीपेक्षा साडेतीन मिनिटे जलद, आणि पंतानी तर ईपीओच्या काळातला.' हा युक्तिवाद ऐकायला जोरदार आहे. (ईपीओ म्हणजे रक्तातल्या लाल पेशी वाढवणारे उत्तेजक.) ५ जून १९९९ रोजी मादोन्ना दि काम्पिल्योला पंतानीचे हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचे प्रमाण, ५० टक्क्यांच्या मर्यादेपुढे, ५२ निघाले आणि इटलीची जिरो शर्यत जिंकत असताना त्याला घरी पाठवले. १९९६ चा टूर जिंकणाऱ्या ब्यार्न रीसने २००७ मध्ये ईपीओ घेतल्याचे स्वतः कबूल केले. तेव्हा तुलना करायची ती नुसत्या माणसांची नव्हे, सामानाचीही.

तोच ६६ किलोचा काल्पनिक स्वार १९९८ च्या सामानावर बसवा: सायकल एक किलो जड, अरुंद आणि दगडासारखे फुगवलेले टायर म्हणून घर्षणांक ०.००५५, फडफडती जर्सी म्हणून सीडीए ०.३६, चेनचा तोटा तीन टक्के. साडेत्रेचाळीस मिनिटांना त्याला सुमारे ४३६ वॅट लागतात. तेवढेच ४३६ वॅट आजच्या सायकलवर घातले तर तो ४२ मिनिटांत वर पोहोचतो. म्हणजे दीड मिनिट दुकानातून आले. त्यातला सर्वात मोठा वाटा टायर आणि वजनाचा आहे, चकचकीत फ्रेमचा नाही.

उरलेल्या दोन-सव्वादोन मिनिटांपैकी काही आडोसा आणि टप्प्याच्या डावपेचांत जातात. त्या काळी बरेचदा पायथ्याशी मंद चालून वर हल्ले होत, आता संघ पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकसारखा जाळ लावतात. खाण्यातही फरक पडला. पूर्वी तासाला ६० ग्रॅमपर्यंत कर्बोदके पुरेशी मानत. आता ग्लुकोज आणि फ्रुक्टोज साधारण १ ला ०.८ या प्रमाणात मिसळून १०० ते १२० ग्रॅम घेतात, कारण दोन्ही साखरा आतड्यात वेगवेगळ्या वाटेने शोषल्या जातात. त्या दिवशीचा टप्पा सुमारे १९८ किमीचा होता. साडेचार तासांनंतर पायथ्याशी पोहोचलेला स्वार उपाशी आहे की भरलेला, यावर शेवटची चाळीस मिनिटे ठरतात. त्याला स्पेनमधल्या तेइदे किंवा सिएरा नेवाडासारख्या उंचीवरच्या तीन-तीन आठवड्यांच्या शिबिरांची जोड असते.

या सगळ्याने पूर्ण फरक भरून निघतो का? गृहीतके उदारपणे घेतली तर निघतो, कंजूषपणे घेतली तर एखादे मिनिट उरते. उरलेल्या मिनिटाला 'औषध' असे नाव देणे हा हिशोब नव्हे. आणि 'सगळे खाण्यामुळे आहे' म्हणणेही तितकेच आळशी, कारण त्याचे प्रतिस्पर्धीही तेच खातात आणि मागे राहतात. त्या दिवशी विंगेगोर १ मिनिट ८ सेकंदांनी आणि रेम्को एव्हेनपूल २ मिनिटे ५१ सेकंदांनी मागे होते.

शरीराच्या बाजूने उलटतपासणी

वॅट आले की प्राणवायू काढा. स्नायूंची कार्यक्षमता २३ टक्के धरली, तर ६.८४ वॅट प्रति किलोसाठी शरीर किलोमागे २९.७ वॅट जाळते. एक लिटर प्राणवायूतून सुमारे २१ किलोज्यूल मिळतात, म्हणजे मिनिटाला किलोमागे ८५ मिली. चाळीस मिनिटे कमाल क्षमतेच्या ९० टक्क्यांवर काढली असे मानले, तर कमाल क्षमता ९४ हवी. आतापर्यंत जाहीर झालेल्या सर्वात मोठ्या आकड्यांपैकी एक २०१२ मधला नॉर्वेच्या ऑस्कर स्वेन्सनचा, ९७.५. म्हणजे ९४ हे टोकाचे, पण मानवी.

आता कार्यक्षमता २५ टक्के करा. तोच आकडा ८७ वर येतो आणि सगळा थरार निघून जातो. स्वाराची खरी कार्यक्षमता प्रयोगशाळेबाहेर कोणालाच माहीत नसते. म्हणून 'शरीरशास्त्रानुसार अशक्य' असे कोणी लिहिले की कार्यक्षमता किती धरली ते आधी विचारा.

फेस्तिना संघाचे माजी प्रशिक्षक आंत्वान व्हाये यांनी ७० किलोच्या प्रमाण स्वारासाठी पट्टी ठरवली होती: ४१० वॅटला संशयास्पद, ४३० ला चमत्कार, ४५० ला उत्परिवर्तित प्राणी. प्रति किलो ते ५.८६, ६.१४ आणि ६.४३ होतात. वापरायला हरकत नाही, पण या रेषा वैद्यकीय मर्यादा नव्हेत, एका अनुभवी माणसाचे मत आहे. शिवाय थेट वेळेवरून काढलेला आकडा त्या पट्टीवर ठेवताना आजचे टायर आणि आडोसा आधी वजा करा.

रक्ताच्या पासपोर्टची बातमी कशी वाचायची

२००८ पासून जागतिक सायकल महासंघ प्रत्येक मोठ्या स्वाराच्या रक्ततपासण्यांची मालिका ठेवतो, तोच रक्ताचा पासपोर्ट. मुख्य दोन गोष्टी: हिमोग्लोबिन आणि रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्याच तयार झालेल्या लाल पेशींचे प्रमाण. दोन्ही एकत्र करणारा आकडा म्हणजे ऑफ-स्कोअर:

हिमोग्लोबिन ग्रॅम प्रति लिटरमध्ये − ६० × रेटिक्युलोसाइट टक्क्यांचे वर्गमूळ

हिमोग्लोबिन १५० आणि रेटिक्युलोसाइट १ टक्का असलेल्याचा स्कोअर ९०. त्याच माणसाने आधी काढून ठेवलेले रक्त परत चढवले आणि हिमोग्लोबिन १६५ झाले, तर शरीर 'पेशी पुरे झाल्या' समजून नव्या बनवणे थांबवते. रेटिक्युलोसाइट ०.४ वर येतात, स्कोअर १२७. रक्त काढून घेतल्यानंतर याच्या उलट: हिमोग्लोबिन खाली, नव्या पेशी वर.

एकट्या आकड्याला अर्थ नाही. पासपोर्टचा संगणक स्वाराची स्वतःची मर्यादा काढतो आणि नमुना त्याबाहेर गेला, की फाइल तज्ज्ञांकडे जाते. तज्ज्ञ उंचीवरचे शिबिर, पाणी कमी होणे, आजारपण अशी कारणे तपासतात. म्हणूनच रक्त व्यायामानंतर काही वेळ थांबून आणि दहा मिनिटे बसवूनच घेतात. तीन आठवड्यांच्या शर्यतीत रक्तातला द्रव वाढून हिमोग्लोबिन उतरत जाते, हे नैसर्गिक. ते शेवटच्या आठवड्यातही उतरले नाही, तर तज्ज्ञांची भुवई उंचावते.

हे काम सावकाश चालते. हुआन होसे कोबोने २०११ ची व्हुएल्ता ही स्पेनची शर्यत जिंकली आणि पासपोर्टवरून ती त्याच्याकडून काढली गेली २०१९ मध्ये. विजेतेपद ख्रिस फ्रूमला गेले. पासपोर्टचा कच्चा दुवा म्हणजे अगदी छोटे, वारंवार घेतलेले ईपीओचे डोस, जे काही तासांतच चाचणीच्या टप्प्याबाहेर जातात.

'पॉझिटिव्ह' शब्द दिसला की पदार्थ कोणता ते बघा. ईपीओ सापडणे आणि दम्याच्या साल्ब्युटामोलची मर्यादा ओलांडणे या वेगळ्या पायऱ्या आहेत. फ्रूमच्या २०१७ च्या नमुन्यात मिलिलिटरमागे २,००० नॅनोग्रॅम सापडले, मर्यादा १,००० ची. लघवी किती घट्ट होती याची दुरुस्ती केल्यावर आकडा १,४२९ वर आला, आणि जुलै २०१८ मध्ये प्रकरण मिटले. उलट आल्बेर्तो काँतादोरच्या २०१० च्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल जेमतेम ५० पिकोग्रॅम होते, पण त्या पदार्थाला तेव्हा किमान मर्यादाच नव्हती, आणि २०१२ मध्ये त्याचा २०१० चा टूर काढून घेतला गेला.

तारखाही तपासा. सायकल महासंघाने ट्रामाडॉल या वेदनाशामकावर २०१९ मध्ये बंदी घातली, जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०२४ मध्ये. कार्बन मोनॉक्साइड हुंगण्याच्या तंत्राबद्दल जुलै २०२४ मध्ये बरीच चर्चा झाली. रक्त किती आहे ते मोजायला तो वायू वापरतात हे खरे, पण पुन्हा पुन्हा घेतला तर उंचीवर राहिल्यासारखा परिणाम होऊ शकतो, म्हणून महासंघाने १० फेब्रुवारी २०२५ पासून वारंवार वापर बंद केला. त्याआधी केलेल्याला आजच्या नियमाने चोर म्हणता येत नाही, नैतिक प्रश्न हवा तर विचारा.

मोटरचा संशय

लपवलेली मोटर हा चेष्टेचा विषय वाटतो, पण जानेवारी २०१६ मध्ये झोल्डरच्या सायक्लोक्रॉस जागतिक स्पर्धेत फेमके व्हान डेन ड्रिशच्या सायकलीत ती सापडली आणि सहा वर्षांची बंदी बसली. तेव्हापासून चुंबकीय तपासणी आणि एक्स-रे होतात. पडल्यावर मागचे चाक फिरत राहिले म्हणून मोटर, असे व्हिडिओ दरवर्षी येतात. वेगातले चाक जमिनीला टेकले की सायकल फिरतेच. अशा व्हिडिओत वेळ घालवू नका.

लिहिताना

मोठी प्रकरणे उघडी पडली त्यांचा क्रम नजरेसमोर ठेवा. ८ जुलै १९९८ रोजी फेस्तिनाची उत्तेजकांनी भरलेली गाडी बेल्जियमच्या सीमेवर कस्टमने अडवली. २००६ मध्ये खेळाडूंना रक्त चढवणाऱ्या डॉक्टर फुएन्तेसकडच्या रक्ताच्या पिशव्या स्पॅनिश पोलिसांनी जप्त केल्या. आर्मस्ट्राँगचे सात टूर गेले ते सहकाऱ्यांच्या जबान्यांनी. २०१९ मध्ये ऑस्ट्रियातल्या झेफेल्डला स्कीइंगच्या जागतिक स्पर्धेत पोलीस आत शिरले तेव्हा तिथे रक्त चढवणे चालू होते. यातले एकही घाटातल्या वेळेवरून उघड झालेले नाही. १९९० च्या दशकातल्या वेळा अचाट होत्या हे खरे, पण त्या तेव्हाही सगळ्यांना दिसत होत्या.

म्हणून पोस्ट टाकताना 'अमुक घेतो, आकडे बघा' असे लिहू नका. त्याऐवजी असे: 'घाट १५.८ किमी, ७.९ टक्के, वेळ ३९:५०, टीव्हीवरून, चूक दहा सेकंदांपर्यंत, दोन तृतीयांश आडोसा, वाऱ्याची नोंद मिळाली नाही, अंदाज ६.५ ते ७.१ वॅट प्रति किलो, चाळीस मिनिटे. स्वाराची सार्वजनिक नोंद: पॉझिटिव्ह चाचणी नाही.' शेवटचे वाक्य गाळू नका. पोगाचार आणि विंगेगोर दोघांबाबत आजवर ते तसेच आहे, आणि संशय मांडताना ते वगळणे ही लबाडी होते.

वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक चढाईला एक ओळ ठेवा: तारीख, टोके, वेळ, आडोशाचे किमी, वारा, त्याआधीचे टप्प्यातले किमी, अंदाजाचा पट्टा. पुढे कधी त्या स्वाराने पॉवर मीटरची फाइल जाहीर केली, तर शेजारच्या रकान्यात तो आकडा भरा. मीटरही एक-दोन टक्के इकडेतिकडे असतो आणि लंबगोल चेनरिंग असेल तर काही मीटर वॅट फुगवून दाखवतात, तेवढी टीप जोडा. चाचणीचे नमुने दहा वर्षांपर्यंत जपून नव्या पद्धतीने पुन्हा तपासता येतात, त्यामुळे 'सार्वजनिक नोंद' हा रकाना वर्षातून एकदा तरी उघडून ताजा करावा लागतो.